चुन्याची डबी आणि आमची सून

आमच्या सुनेला जगात साधी म्हणून एक वस्तू दिसत न्हाय. पाणी साधं न्हाय, मीठ साधं न्हाय. आणि तिच्यासारखी बाई बेळगावापासून निपाणीपर्यंत हुडकून सापडायची न्हाय, हे मी कुणाच्याबी तोंडावर सांगतो. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवती. शाळा सुटती, हिचं शिकवणं सुटत न्हाय. हळदीकुंकवाला आलेल्या तिघींचे हात एकमेकींत अडकवले, मधल्या जाड बाईला ऑक्सिजन केलं, कडेच्या दोघींना हायड्रोजन, आणि म्हणाली, "झालं पाणी! हात सोडू नका, न्हायतर पुन्हा नुसता वायू." बायका वाण विसरून तशाच उभ्या. माझ्या सायकलीची साखळी गंजली, तर म्हणती, "मामा, लोखंडानं हवेतला प्राणवायू खाल्लाय." म्हटलं, "खाऊ दे की. पण पायडल मारायचं कुणी?" मी चौथीत शाळा सोडून वडगावात मागावर बसलेला माणूस. अणू म्हणजे काय गं भानगड, म्हणून विचारलं, तर माझ्याच मागावरचं लुगडं दाखवलं. "सूत तेच राहतंय मामा. वीण बदलली की वस्तू बदलती." एवढं मात्र डोक्यात बसलं.

बायको गेली, तेव्हापासनं तिची चुन्याची डबी कोनाड्यात उघडीच पडलेली. झाकण लावायचं तिला कधी जमलंच न्हाय. परवा धीर करून डबी काढली, ती घालायची तसं पाणी घातलं. चुना मऊ होईना. नुसता दगड! मी सुनेवरच घसरलो.

"तुझ्या शाळेच्या खेळात यात सिमेंट ओतलंस व्हय गं? तिची एवढीच तर खूण राहिलीया!"

ती चिडली न्हाय. मधला चिमूटभर चुना खरवडला, वर लिंबू पिळलं. बारीक फेस आला. "सिमेंट न्हाय मामा. चुना उघडा राहिला की आपण श्वासातनं सोडतो तो वायू पितो आणि दगड होतो. तोच वायू आता बाहेर पडतोय."

मी फेसाकडं बघत बसलो. "म्हंजे तुझ्या सासूच्यापण श्वासातला?"

"कडेची खपली आत्तींच्या वेळचीच की. रोज डबी पुढ्यात घेऊन बसायच्या."

तिनं पुन्हा लिंबू उचललं. मी हात धरला. "बास. कडंच्या खपलीला हात लावू नको. शाळेच्या प्रयोगाला बाजारातनं नवा चुना न्हे."

ती हसली. डोळे पुसत झाकण हुडकायला गेली.