लेक झाली आत्या

“जोर लावू नका,” लिआओ गुरुजी म्हणायचे आणि लगेच पुढे, “ढिलेही पडू नका.” फान युकुनला प्रश्न पडायचा, या दोन्हींच्या मधे जागा आहे तरी कुठे? उभा जन्म त्याने डोंगराखालच्या गावात टोफू केला. सोयाबीन दळायचं, उकळायचं, फडक्यात बांधायचं, वर दगड ठेवायचा आणि पाणी सुटेपर्यंत दाबायचं. दाबलं की होतं, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक. इथे डोंगरावरच्या मठात, ताइचीच्या या संथ चिनी कसरतीत मात्र धुक्यात गुडघे जरासे वाकवून, माठ कवेत धरल्यासारखे हात पुढे करून उभं राहायचं, आणि काही म्हणजे काही करायचं नाही. डावा पाय म्हटलं की याचा हमखास उजवा पुढे.

शेजारी झोंगकाकू उभ्या असायच्या. झोप लागत नाही म्हणून ताइची शिकायला आलेल्या. हात त्यांचे हळू चालायचे, तोंड नाही.

“फानदादा, ताइची करताय की बाजारातून वाट काढताय?”

“गुडघ्यासाठी आलोय हो मी.”

“गुडघा दुखतो म्हणून एवढी चढण चढणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला बाई! खाली नदीकाठी म्हाताऱ्या हेच करतात की.”

काकूंना खरं कारण माहीत होतं. सगळ्या मठालाच माहीत होतं. अंगणाच्या वरच्या टोकाला नवख्यांना शिकवणारी, पांढऱ्या सदऱ्यातली रुइलान ही युकुनची एकुलती एक लेक.

टोफूचं दुकान सोडून ती ताइचीसाठी डोंगरावर निघाली, तेव्हा युकुनने दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, “जा! पण यापुढे मला बाबा म्हणायचं नाही!” राग दुसऱ्या दिवशी उतरला. शब्द काही परत येईना. आणि जन्मात बापाचं न ऐकणाऱ्या पोरीने नेमकं तेवढंच ऐकलं. सणाला घरी यायची, आईशी पोटभर बोलायची, याच्या वाटीत मांसाचा चांगला तुकडा वाढायची, पण हाक नाही. मग आई गेली. घरात त्याला हाक मारणारं कुणीच उरलं नाही. माफी मागावी म्हटलं तर बापाने लेकीची माफी कशी मागायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि स्वभावाचा हेकाही काही कमी नव्हता. शेवटी दुकान शेजाऱ्याच्या हवाली करून तो वर आला. तिच्या तोंडून एकदा ‘बाबा’ ऐकायचं, दुसरं काही नको.

वर येऊन काय झालं? ती रोज विचारायची, “जेवण झालं का?” पण कुणाला, ते त्यात नसायचं. प्रश्न भिंतीला विचारल्यासारखा, आणि उत्तर याने द्यायचं.

त्यात थंडी पडू लागली. बर्फाआधी पाहुण्यांनी खाली उतरायचं, हिवाळाभर राहायचं ते फक्त घराण्याच्या शिष्यांनी, असा तिथला रिवाज. युकुन घाबराघुबरा होऊन लिआओकडे गेला.

“मला शिष्य करून घ्या.”

लिआओ त्याच्याहून पुष्कळ लहान, पूर्वी बसमध्ये कंडक्टर होता. तो म्हणाला, “घेतो की. पण काका, नातं समजून घ्या. म्हातारे गुरुजी माझे गुरू, रुइलानचेही. ती माझी गुरुबहीण. तुमच्यासाठी गुरू म्हणजे बाप. मग बापाची बहीण तुमची कोण?”

“आत्या,” युकुन म्हणाला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“गुडघे टेकून मला चहा द्यायचा, मग आत्याला.”

“त्यापेक्षा मी तिचाच शिष्य होतो. हा घोळ तरी नको.”

“मग ती तुमचा बाप होईल.”

युकुन उठून बाहेर आला. झोंगकाकू मुळा चिरत बसल्या होत्या, त्यांच्यापुढे त्याने मन मोकळं केलं. त्याला आत्या म्हणायची लाज नव्हती, भीती होती. थोरल्याने धाकट्यापुढे गुडघे टेकले की धाकट्याचं आयुष्य कमी होतं, हे त्याच्या आईने त्याला लहानपणीच सांगितलेलं, आणि आईचं बोलणं त्याच्या लेखी दगडावरची रेघ.

“अहो, गुडघे आत्यापुढे टेकायचे, लेकीपुढे नाही,” काकू म्हणाल्या.

“पण गुडघे तर बापाचेच ना?”

“गुडघ्यांना काय कळतंय!”

“आयुष्य मोजणाऱ्याला कळतं की.”

काकूंनी त्याच्या हातावर मुळ्याची फोड ठेवली. वाकावं तर लेकीचं आयुष्य जातं, न वाकावं तर लेक जाते. बिचाऱ्याला काही सुचेना. दोन्हीकडून त्याचाच टोफू पिळला जात होता. मक्याची पेज ढवळताना, अंगण झाडताना तो पुटपुटत राही, “आत्या, चहा घ्या. आत्या, चहा घ्या.”

तो दिवस उजाडला. उदबत्त्या लागल्या, म्हातारे गुरुजी खुर्चीत डोळे मिटून बसले. लिआओचा चहा नीट पार पडला. दुसरा पेला घेऊन युकुन रुइलानच्या खुर्चीपुढे आला. त्याने गुडघा वाकवला, आणि तो खाली जाईचना.

रुइलान उठली होती. तिचे तळवे त्याच्या कोपरांखाली होते. त्याने जोर लावला, जन्मभर दगडावर लावला तसा. जोर कुठे गेला कुणास ठाऊक, तो आपला सरळ उभाच. दुसरा गुडघा वाकवून पाहिला. ती जराशी वळली, हा पुन्हा उभा. चहा तिच्या बाहीवर सांडला. बघणाऱ्यांना वाटलं, घराण्याची ही काही खास रीत असावी.

“वाकू दे की गं,” तो दातओठ खात कुजबुजला. “नाही वाकलो तर उद्या खाली पाठवतील मला.”

तिने हात काढले नाहीत.

“आयुष्याची काळजी नको. पहाटेच आभाळाला सांगून ठेवलंय मी, काय कापायचं ते माझ्यातलं काप. माझं चुकलंच होतं तेव्हा. दारात.”

एवढं बोलून त्याचा सगळा जोर संपला. तरी तो पडला नाही. कोपरांखालचे हात तिथेच होते. रुइलानचे डोळे भरून आले. तिने म्हाताऱ्या गुरुजींकडे पाहिलं, त्यांनी डोळे न उघडता मान हलवली.

“उभ्यानेच द्या चहा,” ती म्हणाली. “गुडघे दुखतात ना तुमचे, बाबा?”

कित्येक दिवस घोकलेला एकच शब्द त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात उरला होता. अर्धा सांडलेला पेला त्याने पुढे केला आणि डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू देत तो म्हणाला,

“हो, आत्या.”