बिनसाखरेचा डाग

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, म्हणून आमच्या इमारतीत सगळे तिला चष्मेवाल्या बाई म्हणत. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत ती विचारी, ‘आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?’ सवय अशी जडली की घरी भाजीत मीठ वाढवल्यावरही ती नवऱ्याला तेच विचारी. तो बसच्या डेपोत मेकॅनिक. गाडी बंद पडल्याशिवाय बोनेट उघडू नये, या मताचा. “मघाशीच बरं होतं,” एवढंच म्हणून तो पुढचा घास घेई.

नवरा, ती आणि सासू, तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या, गच्चीखालच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. घरमालक काका तळमजल्यावर, एकटे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना जिना चढवत नसे. भाडं द्यायला ती खाली गेली की काका स्वतः चहा ठेवत. काकू गेल्यापासून त्यांना साखरेचा अंदाज राहिला नव्हता. तो पाक ती निमूटपणे पिऊन टाकी आणि वर आल्यावर भांडंभर पाणी पिई.

मग घरांचे भाव पडायला लागले. समोरच्या अर्धवट इमारतीवरची क्रेन हात वर केल्यासारखी थांबली ती थांबलीच. पूर्वी फोन न उचलणारे दलाल आता आपणहून फोन करून तब्येतीची चौकशी करू लागले. काकांनी वरच्या खोल्या विकून लेकीकडे जायचं ठरवलं आणि आधी तिलाच विचारलं. आकडा ऐकून ती नुसती हसली. तेवढे पैसे जुळणार नव्हते.

सासूने माहेरच्या जमिनीतला वाटा विकून पैसे सुनेच्या हाती दिले होते. अट एकच होती, त्याचं छप्पर झालं पाहिजे. नवऱ्याचं म्हणणं होतं, बाजार पडतोय, आज घेतलं तर उद्या हसं होईल, पैसे राहू देत बँकेत. त्यावर ती जे बोलली ते आम्हाला जिन्यात ऐकू आलं. “चढत्या बाजारात आपल्याला कोणी दारात उभं करत नाही. आपला हात पोचायचा तर फळीच खाली यायला हवी. ती येतेय, तर तुम्ही हात खिशात घालून उभे.”

गिऱ्हाइकं खोल्या बघायला येऊ लागली. पहिल्याच जोडप्यातल्या बाईने झोपायच्या खोलीत कपाटासाठी भिंत वितीने मोजली. चष्मेवाल्या बाईच्या स्वतःच्या कपाटाच्या जागी ती परकी वीत फिरत होती. ते जोडपं भावावरून अडलं, पण येत्या रविवारी दुसरं येणार होतं.

त्या रविवारी सकाळी तिने पत्ती भरपूर घालून कोरा चहा उकळला. साखर घातली नाही, मुंग्या लागल्या तर खोटं उघडं पडेल. स्टुलावर चढून भिंगं पुसायच्या मऊ फडक्याने तिने छताच्या कोपऱ्यात डाग उठवला. कडा गडद, मधे फिकट, खरी ओल वाळते तसा. सासूने स्टूल धरलं होतं.

दारात येऊन नवऱ्याने विचारलं, “हे काय चाललंय?”

“चहा चाललाय,” सासू म्हणाली. “तुला हवाय?”

तोंडाने ती कोणाशी खोटं बोलली नाही. डागाखाली बादली ठेवली आणि म्हणत राहिली, बघा ना, तुम्हीच बघा. आलेले लोक वर बघत, एकमेकांकडे बघत आणि खाली जाऊन काकांना सांगत. काका आकडा थोडा खाली आणत. शेजारच्या इमारतीतही भाव उतरतच होते, त्यामुळे यात बाजाराचा वाटा किती आणि आपल्या फडक्याचा किती, हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही. डाग फिका पडला की ती पुन्हा चहा उकळी.

उन्हाळ्यात मात्र भलतंच झालं. मजूर सिमेंटच्या गोण्या खांद्यावर घेऊन तिच्या दारावरून गच्चीत जाऊ लागले. काकांनी मुदतठेव मोडून गच्ची नव्याने करायला घेतली होती. ती मजुरांना पाण्याचे तांबे देत राहिली, पण कोणाकडे बघत नव्हती. काम संपल्यावर काकांनी खालूनच हाक मारली, “डाग गेला का गं?”

तेव्हा तो जाऊ देता आला असता. फडकं धुऊन टाकायचं, की संपलं. पण दलाल त्याच आठवड्यात आणखी कोणाला आणणार होता.

“वाळायला वेळ लागतो म्हणे, काका.”

काका म्हणाले, या घराला आता कोण हात लावणार, तूच घे. त्यांनी सांगितलेला आकडा तिने मनात धरला होता त्याहूनही खाली होता. दुसऱ्याच दिवशी तिने इसार दिला. सासूच्या पैशांतला मोठा हिस्सा त्यात गेला. उरलेलं बँकेच्या कर्जातून द्यायचं, आणि ठरल्या मुदतीत दिलं नाही तर इसार बुडणार, असं करारात लिहिलं होतं. सही करताना ते तिला नुसतं छापील वाटलं होतं.

घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर आला तेव्हा बादली तिने आधीच हलवली होती. डाग पुसायला गेली, तर तो पसरला होता. आत इतका मुरला होता की जाईना. रंग द्यायला वेळ उरला नव्हता.

व्हॅल्युअरने टेप गुंडाळली आणि वर बघितलं. “स्लॅब गळतोय. यावर एवढं कर्ज बसायचं नाही.”

“जुना आहे डाग. आता गळत नाही.”

“बाई, विकणारा डाग लपवतो आणि घेणारा त्यावर बोट ठेवतो. उलटं मी आजच बघतोय.” तो चांगला माणूस असावा, कारण तो पुढे समजावून बोलला. तेजीत असलं काही बँक बघत नसे, आता मात्र भिंतीला कान लावूनच पैसे सोडते. खरवडून बघता येईल, आत ओल नसेल तर तसं लिहीन. पण दुसऱ्याच्या छताला मी हात लावणार नाही, मालक इथे हवेत.

“त्यांना जिना चढवत नाही,” ती म्हणाली.

“मग जे दिसतंय ते लिहितो.”

ती नवऱ्याकडे बघू लागली. तो काकांना आणायला खाली गेला.

काका येताना ऐकू येत होते. काठी, मग पाऊल, मग थांबणं. प्रत्येक वळणावर ते थांबत, आणि ती दाराची कडी धरून उभी होती. एरवी कोणाला बोलू न देणारी सासू आतल्या खोलीत उशीला अभ्रा घालत होती. घातलेला काढून पुन्हा घालत होती.

नवऱ्याच्या दंडाला धरून काका आत आले, खुर्चीवर बसले. दम खाऊन झाल्यावर त्यांनी वर बघितलं. एवढ्या डागाबद्दल एवढं ऐकून ते तो प्रथमच बघत होते.

व्हॅल्युअर त्याच स्टुलावर चढला. किल्लीच्या टोकाने खरवडलं तसा तपकिरी पापुद्रा खाली पडला. आत कोरडा, पांढराशुभ्र गिलावा होता.

“वरवरचं आहे,” तो म्हणाला. “ओल नाही. पण मग हे आहे काय?”

पापुद्रा काकांच्या पायाशी पडला होता. नवऱ्याने तो उचलून त्यांच्या हातावर ठेवला. तो का ठेवला, ते तिला पुढेही कधी विचारता आलं नाही. काकांनी पापुद्रा बोटांनी चुरला, नाकाशी नेला. मग ते तिच्याकडे बघत राहिले.

“साखर नव्हतीस घालत?”

“नाही,” ती म्हणाली.

“तरीच. मुंग्या नाहीत.”

व्हॅल्युअर खिडकीची मापं पुन्हा घेऊ लागला. आधीच घेऊन झाली होती.

“लिहा साहेब,” काका म्हणाले. “छत कोरडं आहे. गच्ची मीच करून घेतलीय.” मग तिच्याकडे न बघता, “गच्चीचा खर्च किमतीत धरायचा. बाकी बोललो तो आकडा बोललो.”

“धरतो, काका,” नवरा म्हणाला. लग्नानंतर तिला न विचारता त्याने पैशांचा शब्द दिला तो हा पहिल्यांदाच. ती नको म्हणाली नाही.

तिचे हात सवयीने ओट्याकडे गेले. शेगडी पेटल्याचा आवाज ऐकून काका उठले.

“मला नको.”

ती धावत जिन्याशी गेली, हात पुढे केला. त्यांनी कठडा धरला. उतरायला त्यांना चढण्याहून जास्त वेळ लागला आणि तोवर ती वरच्या पायरीवर उभी होती.

कर्ज झालं, घर तिच्या नावावर झालं. भाव पुढेही पडत राहिले आणि समोरच्या जिन्यातल्या तशाच दोन खोल्या तिच्यापेक्षा स्वस्तात गेल्या. नवऱ्याला ते कळलं होतं, पण तो बोलला नाही. सासू तेवढी म्हणाली, आपलं छप्पर गळत नाही, हे तरी आपल्याला पक्कं माहीत आहे.

लेकीकडे जायच्या दिवशी काका फाटकाशी गाडीत बसले होते. वरच्या खोल्यांची दुसरी किल्ली इतकी वर्षं त्यांच्याकडे असे, ती त्यांनी खिशातून काढली. चष्मेवाल्या बाई गाडीच्या खिडकीशी हात पुढे करून उभ्या होत्या. काकांनी वाकून, बाईंच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला हाक मारली आणि किल्ली त्याच्या हातात दिली.