गार पट्टी
हळद शिजायला लागली की गावभर उग्र वास सुटतो, अन् मी दार लावून घेतो. असाच हंगाम होता, हळद शिजवायच्या कुकरची वाफ अंगावर आली अन् माझ्या बायकोची सगळी पाठ भाजली. हिंगोलीच्या दवाखान्यात रोज सकाळी जाळीची पट्टी बदलायचे. ती जखमेला चिकटायची अन् निघताना कातडं घेऊन निघायची. बायको ओरडायची न्हाई, माझ्या मनगटाला चावायची. एक दिवस तिची भाची भेटायला आली. ती शहराच्या कालेजात जखमेवर लावायची नवी पट्टी बनवून राहिली होती. आत्याला बरं वाटावं म्हणून तिनं डबी उघडून दाखवली. आत काचेसारखी आरपार, लिबलिबीत चकती होती. "पाण्यानं भरलेली हाय, आत्या. जखमेला चिकटत न्हाई." बायकोनं पालथं पडल्या पडल्या बोट लावलं. "गार हाय गं. लाव की मग." पोरगी गडबडली. "अजून माणसाला लावायची परवानगी न्हाई. आमी उंदरावर तपासून राहिलो." "मग मला उंदीर समज," बायको म्हणाली, अन् आमी तिघंबी हसलो. हसू थांबल्यावर बायकोनं पाठीवरची चादर आपल्या हातानं बाजूला सारली अन् वाट बघत राहिली. पोरीनं डबीचं झाकण लावलं. तेवढ्यात सिस्टर जाळीची पट्टी घेऊन आली. पुढं जखम चिघळली अन् बायको गेली. न तपासलेली चीज आत्याच्या उघड्या जखमेवर कशी लावावी, पोरीचं बराबरच होतं. मला ते समजतं. तरी ती घरी आली की मी वावरात निघून जातो.