उजव्या पंखाची पिन

हे आजवर कोणाच्याच कानावर घातलेलं नाही, बायकोच्याही नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच कदाचित जीभ वळतेय.

अड्याळच्या आम्ही चार-सहा हौशी लोकांनी मिळून एक जुनं ग्लायडर घेतलं होतं — बिनइंजिनाचं विमान. लोक हसायचे. हसोत! आमच्यात उडवण्यात तरबेज विनायकभाऊ, धानाचे व्यापारी. जोडणी माझ्याकडे. पंख बसवले की पायलटच्या पाठीमागच्या झाकणातून हात घालून ब्रेकचे, म्हणजे उतरताना पंखांवर उघडणाऱ्या फळ्यांचे, दांडे जोडायचे, अन् सांधा निसटू नये म्हणून प्रत्येकात पिन घालायची. मग दुसऱ्यानं स्वतः हात घालून बघायचं. नियम एवढाच.

त्या वर्षी खंडेनवमीला पूजेसाठी ग्लायडर जोडलं. पण पिनांची डबी पान्यांसोबत आधीच पूजेत गेलेली. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हटलं, उद्या घालू.

दसऱ्याच्या सकाळी डावी घातली. उजवीकडे हात नीट पोचेना. गाव गोळा झालेलं, जो तो घाई करत होता... विसरलो, असं म्हणू का? नाही. विसरलो नव्हतो. सांधा हलवून पाहिला, घट्ट वाटला. एक फेरी निघेल, असं वाटलं.

"पिना लावल्या ना रे?" म्हणत भाऊ झाकणाकडे वाकले.

"लावल्या ना भाऊ. मी पायलं, बसा तुमी."

अन् ते बसले. माझ्या शब्दावर.

उतरताना उजवा ब्रेक उघडला तो मिटलाच नाही. ग्लायडर धावपट्टीच्या अलीकडेच धानाच्या शेतात, बांधीत आपटलं. भाऊंच्या कंबरेचं हाड मोडलं. आता काठीशिवाय चालत नाहीत, उडणं तर संपलंच. ब्रेक आपणच चुकीच्या वेळी ओढला, असं ते मानतात. "माह्याच हातानं चूक झाली," असं चारचौघांत सांगतात. मी सगळ्यांच्या आधी धावत पोचलो म्हणून वहिनी मला देवमाणूस म्हणतात. मी ऐकून घेतो. चहाही पितो.

पण खोटं बोललो, एवढंच सांगायचं असतं तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. ते नाही हो —

सगळ्यांच्या आधी पोचलो, हे खरं आहे. भाऊ पट्ट्यात अडकून कण्हत होते. "पाणी... पाणी दे रे," म्हणत होते. बाकीचे अजून शेताच्या धुऱ्यावरून धडपडत येत होते. मी भाऊंच्या खांद्यावरून हात मागच्या झाकणात घातला. भाऊंना वाटलं, पट्टे सोडवतोय. त्यांनी माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं, निसटलेला दांडा परत बसवला अन् खिशातली पिन त्यात घातली.

मग भाऊंना पाणी दिलं.