चुन्याची रेघ

गावच्या कबड्डी सामन्यांना आमदार आबासाहेब पाहुणे म्हणून आले होते. निवडून येण्याआधी कितीतरी वर्षं ते याच मैदानावर पंच होते. ऊन कलत होतं, तांबड्या धुळीत चुन्याची रेघ स्वप्नासारखी विरत होती. तेवढ्यात आमच्या गड्याचा पाय रेघेबाहेर पडला. पंचाने ते पाहिलं, पण आबासाहेबांकडे बघून तोंडाशी नेलेली शिट्टी खाली घेतली.

पाहुण्यांसाठी मांडलेल्या सोफ्यावरून आबासाहेबांचाच हात वर गेला. गडी बाद!

"आबा, मतं आम्हीच दिली होती ना?" मागून कुणीतरी ओरडलं.

जुना सोबती अवचित भेटावा तसे ते आपल्याच हाताकडे बघत राहिले. माणसाचा एखादा अवयव निवडणुकीला उभाच राहत नसावा.

धूळ खाली बसली, तरी तो हात वरच होता.