डांबरशेटची व्हॅन

डांबरशेट स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता आणि मी आतून दारावर मूठ मारत होते. दार वाजत नव्हतं. पत्र्यावर मारलं की पत्रा वाजतो, पण या गाडीचा पत्रा त्याने असा मुका करून टाकलेला की नुसतं ठप व्हायचं, गादीवर मारल्यासारखं. काशेळीचा पूल ओलांडून गोदामांच्या रस्त्याला आम्ही कडेला उभे होतो. बाहेरून कंटेनर जात होते, भर दुपारची वेळ, कोणी मान वळवून बघत नव्हतं. माझ्या डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया काढल्या तिथे पट्टी होती. तो हात मी छातीशी धरून ठेवला होता, कारण तिथून रक्त सुटलं असतं तर माझंही तिथेच आटपलं असतं. शेजारी सुनीता गाढ झोपलेली. मागच्या सीटवर साळवी जागे झालेले, पण काय झालंय ते त्यांना कळत नव्हतं.

त्याचं खरं नाव बाळाराम. बाळकुमचा माणूस. बापाची भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. आता तिथे टॉवर आहेत. त्याच्या वाट्याचं जे आलं ते भावांची भांडणं, एक लग्न आणि एक बंगला यात गेलं आणि याच्याकडे एक जुनी व्हॅन राहिली. शेट तर त्या गावात सगळेच असतात, डांबर आम्ही पेशंटांनी लावलं. त्याचं कारण पुढे येईल.

मी, सुनीता, साळवी, आम्ही पेशंट कल्याणचे. बाळकुमला एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र आहे, तिथे स्वस्तात व्हायचं. आठवड्यातून तीनदा हा सकाळी आम्हाला घरून उचलायचा आणि दुपारी परत आणून सोडायचा. जाताना तोंड अखंड चालू. कोणाची जमीन कितीला गेली, कोणाची सून कशी आहे, सगळं. गाडीला तो गारी म्हणायचा. मी एकदा सांगितलं, जरा गप्प बस, तर म्हणाला, "मावशे, मी गप बसलू तं गारी बोलल. तिचा आवाज माझ्यापेक्षा वाईट हाय."

ते खरंच होतं. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, वर पातळ पत्रा, खाली पातळ पत्रा. डबा आणि त्यात खडे, तसा आवाज. जाताना तो आवाज चालून जायचा. पण मशीनवरून उतरल्यावर माणसात काही राहिलेलं नसतं. डोकं दुखतं, पोटात ढवळतं, पाय गोळे येऊन आखडतात. त्या अवस्थेत तो खडखडाट म्हणजे कवटीत कोणी खिळे ठोकतंय. तेव्हा आमच्यात पाटणकर होते, रेल्वेतून रिटायर झालेले. एकदा रांजणोलीच्या नाक्यावर ते म्हणाले, मला इथेच उतरव, मी रस्त्यात बसतो पण या गाडीत बसत नाही. पुढच्या खेपेला ते आलेच नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. डायलिसिस चुकवलं की अंगात पाणी चढतं. ते घरीच गेले.

डांबरशेट त्यांच्या दहाव्याला गेला होता. परत आला तो मला म्हणाला, म्हातारा आजाराने नाही गेला, माझ्या गारीने गेला. मी सांगितलं, उगाच मनाला लावून घेऊ नकोस, ते आज ना उद्या जाणारच होते, आम्ही सगळेच जाणार आहोत.

"जानार व्हता," तो म्हणाला. "पन तवर झोपून तं गेला असता ना घरी."

मग त्याने गाडीचा आवाज बसवायचं डोक्यात घेतलं. ठाण्यात गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेला. तिथे त्यांनी चकचकीत पत्रे दाखवले, एका बाजूला चिकट, आणि पूर्ण गाडीचा भाव सांगितला. आम्हाला येऊन म्हणाला, तेवढ्यात दुसरी गारी येईल. कोणीतरी सांगितलं की गच्ची गळते तेव्हा लावतात ती डांबराची पट्टी घे, वर चंदेरी कागद असतो, तीच वस्तू आहे. ती कल्याणच्या बाजारात स्वस्त मिळाली. सुट्टीच्या दिवशी त्याने गाडी उघडून सगळं छत आतून मढवलं. घट्ट बसावी म्हणून बायकोचं लाटणं फिरवलं. त्या घरात पुढे कित्येक दिवस चपात्यांना काळे डाग आणि नवऱ्याला शिव्या.

एप्रिलचा महिना. गाडी उन्हात उभी राहिली की आत डांबराचा असा वास की बसल्या बसल्या सुनीताला उलटी व्हायची. तिसऱ्या दिवशी छताची पट्टी सुटली आणि साळवींच्या डोक्यावर बसली. साळवींना मुळात केस थोडे. त्यातले निम्मे पट्टीबरोबर गेले. ते म्हणाले, बाळाराम, किडन्या गेल्या, आता हेही घेतलंस. सुनीता तेव्हा हसली. तिला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डांबरशेट हे नाव त्या दिवशी पडलं. त्याच्या हाताचा वास पुढे महिनाभर गेला नाही.

ते सगळं त्याने पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढलं, रॉकेल लावून लावून पुसलं. दुसरा माणूस असता तर म्हणाला असता, झालं तेवढं बस. हा विठ्ठलवाडीला जाऊन कुठून कुठून नमुने घेऊन आला. रबरासारख्या चिकट पट्ट्यांचे तुकडे, तीन-चार तऱ्हेचे फोम. सकाळी आम्ही आत मशीनवर असताना ते गाडीच्या टपावर उन्हात मांडून ठेवायचा आणि आम्ही बाहेर आलो की एकेक आमच्या नाकाला लावायचा. त्याचं म्हणणं, धडधाकट माणसाला वास कळत नाही, तुम्हाला कळतो. आम्ही भिंतीला धरून उभे आणि हा तुकडे हुंगवतोय. बघणाऱ्यांना वाटायचं हा वैदू आहे. ज्या तुकड्याला कोणीच तोंड वाकडं केलं नाही, तो त्याने घेतला. रबराचा होता. डांबरापेक्षा महाग, दुकानातल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

फोमचे तुकडे त्याने बादलीत बुडवून ठेवले आणि सकाळी पिळून बघितले. पाणी प्यायलेले फेकून दिले. मी म्हटलं, माझ्याकडे जुन्या गोधड्या आहेत, त्या तळाला अंथर. तो म्हणाला, पावसात गोधडी पाणी पिऊन बसेल आणि खालचा पत्रा सडवेल, मग तुमचे पाय रस्त्यावर. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती त्याने मोकळी ठेवली. मी विचारलं, तेवढीच का सोडलीस? "मावशे, दाराला पन मुतायला जागा लागतं."

या वेळी त्याने सगळं मढवलं नाही. पत्र्यावर बोटाने टिचकी मारत जायचा, जिथे टणटण वाजेल तिथे मधोमध एक तुकडा चिकटवायचा. ढोलकीवर बोट ठेवलं की ढोलकी बंद होते, अख्खी झाकावी लागत नाही, असं त्याने मला समजावलं. त्यावर फोम, त्यावर जुना गालिचा. झाल्यावर प्रत्येकाला दारावर मूठ मारायला लावली. टण गेलं होतं, ठप राहिलं होतं. लग्नात सून दाखवावी तसं तो दार दाखवत होता.

मी फार कौतुक करणारी बाई नाही. पण पहिल्या दिवशी बाळकुमला बसले आणि कल्याणला जागी झाले. मधला रस्ता मला आठवत नाही. वर्षभरात मला तशी झोप घरीही लागली नव्हती.

त्यानंतर येताना त्याने बोलणंच सोडलं. फोन बंद. जाताना पोपट आणि येताना दगड. घर आलं तरी हाक मारायचा नाही. खाली उतरून बाहेरून दार सरकवायचा आणि उभा राहायचा. रस्त्याचा गोंगाट आत आला की आपोआप जाग यायची. आतून दार उघडायची कडी त्याने गालिच्याखाली घेतली होती, कारण एकदा साळवींनी झोपेत ती ओढली होती, पुलावर. मला ते पटलं होतं.

त्या दिवशी सकाळी तो सारखा खांदा चोळत होता. मी म्हटलं, केंद्रात डॉक्टर आहेत, दाखवून घे. तो म्हणाला, "पयले तुमचा व्हऊ दे." आमचं झालं. त्याने दाखवलं नाही.

मला जाग आली ती उकाड्याने. गाडी बंद होती. आधी वाटलं घर आलं. मग तो दिसला. दारावर मारून काही होईना तेव्हा मी पुढच्या दोन सीटच्या मधून वाकले आणि हॉर्न दाबून धरला. त्या रस्त्यावर हॉर्नला कोण विचारतो? दोघांनी उलट हॉर्न दिले. शेवटी त्याच्या अंगावरून उजवा हात घालून मी खिडकीची काच खाली फिरवली. त्याचा गाल माझ्या दंडाला लागला, अजून गरम होता. खिडकीतून ओरडले तेव्हा समोरच्या गोदामाचा वॉचमन धावत आला.

त्याने बाहेरून दार सरकवलं. कंटेनरचा आवाज आत आला आणि सुनीता जागी झाली. तिने विचारलं, "आलं का कल्याण?"

वॉचमनने टेम्पो थांबवला, त्यातून त्याला नेलं. उपयोग झाला नाही. हार्ट होतं. त्याची बायको मला पुन्हा पुन्हा विचारत होती, ते काही बोलले का? मी खरं ते सांगितलं, नाही बोलला. लोक म्हणाले, बिचाऱ्याला हाक मारायची ताकद राहिली नसेल. मला ते पटत नाही. गाडी त्याने नीट कडेला घेतली होती. हँडब्रेक ओढला होता. किल्ली बंद केली होती. एवढी ताकद होती तर मावशे म्हणायलाही होती. मी त्याच्या मागेच होते, हाताच्या अंतरावर. त्याने आमची झोप मोडली नाही. मला त्याचा राग येतो. अजून येतो. हाक मारली असती तर वॉचमन आधी आला असता, मग काय झालं असतं ते कोणाला ठाऊक.

व्हॅन त्याच्या भावांनी विकली. आम्ही आता कल्याणलाच एका केंद्रात जातो, रिक्षाने.

त्या गाडीत आम्ही चौघं होतो. तिघांच्या किडन्या गेलेल्या होत्या. ते आम्ही तिघं वाचलो.