नळीवाल्यांची सहा पाकिटं

बाजारात त्यांना सगळे नळीवाले म्हणत. परदेशातून सुका पास्ता मागवायचा आणि इथल्या लोकांना विकायचा, हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. सुरुवातीला लोक पाकीट हलवून विचारायचे, "या पोकळ काड्यांचं करायचं काय?" मग नळीवाले दुकानातच शेगडीवर पातेलं चढवत आणि एकेकाला चार नळ्या खायला घालत. घास भरवून भरवून गिऱ्हाईक जोडलेलं.

पण माणूस अतोनात भित्रा. बोट दोन दिवस लांबली की यांच्या घशाखाली पाणी उतरत नसे. कंटेनर उघडला की आधी वास घेत, मग हात फिरवून ओल बघत, मग खोक्याखोक्याला कान लावत. आतले किडे कुरतडताना ऐकू येतात, अशी त्यांची समजूत. हमाल एकमेकांना कोपराने ढोसून म्हणत, "आले डॉक्टर तपासायला." बायको म्हणे, "अहो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तुमच्यामागे तर रांग लागलीय." खरं सांगायचं तर बावीस वर्षांत किडे दोनदा निघाले आणि ओल एकदा. बाकी सगळं भिणं फुकट गेलं.

एका गोष्टीची मात्र त्यांना कधी भीती वाटली नाही, ती म्हणजे स्वतःच्या नीटनेटकेपणाची. पाकिटावरचा परदेशी मजकूर इथे कुणालाच वाचता येत नसे, त्यांनाही आकड्यांपलीकडे नाही. म्हणून आपल्या भाषेतली चिठ्ठी छापून मागच्या बाजूला लावायची. दुसरे व्यापारी ती कुठेही फटकन चिकटवत. नळीवाले आणि त्यांची बायको जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून ती परदेशी मजकुरावर कडेला कड जुळवून लावत. दोन भाषांची गिचमिड त्यांच्या डोळ्यांना खुपे. चिठ्ठीवर लिहिलेलं असे: गव्हाचा रवा, पाणी. अंडं नाही.

नव्या खेपेतलं एक पाकीट आधी घरी शिजवून बघायचं, हाही त्यांच्या भीतीचाच नियम. तो पाळून झाला होता आणि माल विकायला लागून तीन दिवस झाले होते. त्या दिवशी जेवणासाठी बायकोने आणखी एक पाकीट फोडलं, ते नेमकं शेवटच्या खोक्यातलं.

"अहो, या नळ्या जरा पिवळ्या नाहीत का?" ती म्हणाली. "वासही वेगळाच येतोय."

नळीवाल्यांनी रिकामं पाकीट गरम पाण्यात धरलं आणि नखाने चिठ्ठी सोलली. खाली मजकुराशेजारी बोटाच्या पेराएवढं एक चित्र होतं. अंड्याचं.

पाठवणाऱ्याने एक खोकं दुसऱ्याच मालाचं घातलं होतं. चूक त्याची, पण ती झाकली होती यांनी, चारही कडा दाबून. ते धावत दुकानात गेले आणि ते खोकं ओतून मोजलं. चोवीस पाकिटांतलं एक घरी फोडलेलं, सतरा समोर. सहा विकली गेली होती.

त्यातलं एक आज सकाळीच दोन गल्ल्यांपलीकडच्या टेलरबाईंनी नेलं होतं. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला अंडं चालत नसे. मागच्या वर्षी केकचा एक घास पोटात गेला आणि तिचा श्वास अडकला होता. तेव्हापासून बाई प्रत्येक पाकिटाची चिठ्ठी शब्दाखाली बोट फिरवत वाचत. आज सकाळीही वाचली होती.

नळीवाल्यांनी बाईंना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. शिलाई मशीन चालू असलं की त्यांना काही ऐकू येत नसे. ते दोन गल्ल्या पळत गेले, एक चप्पल वाटेत राहिली. या पायांनी ते एवढे कधी पळाले नव्हते.

बाई मशीनवर होत्या. "काका, तुम्ही? आणि पायात एकच चप्पल?"

"नळ्या," ते म्हणाले. "खाल्ल्या?"

"आत्ताच उकळल्यात. नळी शिजली का ते चावून बघायचं काम आमच्या कन्येचं."

"ताई, त्यात अंडं आहे."

बाई ताडकन उठल्या. खुर्ची मागे पडली. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात मान खाजवत उभी होती आणि तिचे ओठ सुजायला लागले होते. बाईंनी मशीनच्या खणातून डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेलं इंजेक्शन काढलं आणि फ्रॉकवरूनच तिच्या मांडीत खुपसलं. नळीवाल्यांना मात्र अँब्युलन्सचा नंबर दाबता येईना. तो शेवटी बाईंनीच दाबला.

दवाखान्याच्या बाकावर ते तीन तास बसून होते. बायको येऊन शेजारी बसली. जन्मभर आपण ज्याला भीती म्हणत आलो तो नुसता चाळा होता, असं त्यांना वाटलं. ही भीती वेगळी होती. तिच्यात काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

अखेर बाई बाहेर आल्या. "आता नीट श्वास घेतेय. रात्रभर इथेच ठेवणार आहेत."

नळीवाल्यांनी हात जोडले.

"बाजारात तुम्हाला सगळे हसतात," बाई म्हणाल्या. "घाबरट म्हणतात. म्हणून तर मी तुमच्याकडूनच घेत होते, काका." मग त्यांनी विचारलं, "तशी आणखी किती पाकिटं गेलीत?"

"पाच."

"मग इथे काय बसलाय?"

ते उठले. तीन घरं त्यांना ठाऊक होती. तिथून संध्याकाळपर्यंत पाकिटं परत आली, एक अर्धं संपलेलं. दुकानाच्या दारावर त्यांनी मोठ्या अक्षरांत स्वतःच्या चुकीची पाटी लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून वाचून दाखवली. ओशाळायला त्यांना सवडच नव्हती. चौथ्या दिवशी एक म्हातारा चौथं पाकीट घेऊन आला.

पाचवं कुणी नेलं ते त्यांना आठवत नाही. या गोष्टीला दोन वर्षं झाली. पाटी अजून दारावर आहे, ऊन लागून अक्षरं पुसट झाली की नळीवाले ती पुन्हा रंगवतात. ते पाकीट आलेलं नाही.